रॅमचा वेग पुन्हा पुन्हा मूळ पदावर येतो? बायोस अपडेटआधीच्या आणि नंतरच्या तपासण्या

लक्षणं

रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवतो. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असेल तर ६००० च्या जागी ४८००. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम) जाऊन रॅमचं प्रोफाइल (खोक्यावरच्या वेगाचं साठवलेलं सेटिंग) चालू केलं की आकडा जागेवर येतो, काही दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी बटण दाबल्यावर पंखे फिरून थांबतात, परत फिरतात, परत थांबतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्क्रीन येते आणि वेग पुन्हा खाली. कधी सोबत ‘ओव्हरक्लॉकिंग फेल्ड’ अशी सूचना असते, कधी काहीच नसतं.

हाच दोष इतर रूपांतही दिसतो. वेग टिकतो, पण ब्लू स्क्रीन येतात आणि त्यावर दर वेळी वेगळं कारण असतं: आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसीची (फाइल बिघडल्याची) चूक येते. ब्राउझरचे टॅब कारण नसताना पडतात. स्लीपमधून मशीन उठत नाही. मदरबोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात, त्यातला डीरॅमचा पेटून राहतो. किंवा १६ जीबी लावलेली असताना आठच दिसते.

काहीही उघडण्याआधी एक गोष्ट आठवून लिहून ठेवा: त्रास नेमका कशानंतर सुरू झाला? बायोस अपडेटनंतर सुरू झाला असेल तर सेटिंग पुसलं गेल्याची शक्यता सगळ्यात मोठी. रॅम वाढवल्यावर सुरू झाला असेल तर जोडी जुळत नाही. कूलर काढून परत बसवल्यावर सुरू झाला असेल तर सीपीयू बसतो त्या सॉकेटकडे लक्ष द्यावं लागेल. आणि मधे काहीच बदललं नसताना सुरू झाला असेल तर बोर्डावरचा सेल, उष्णता, किंवा थकत चाललेला भाग. एवढ्या एका उत्तराने निम्मं काम कमी होतं.

बोर्ड माघार का घेतो

मशीन चालू होताना सीपीयूमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी (रॅमच्या पट्टीशी) सिग्नलची वेळ आणि ताकद जुळवून पाहतो. याला ट्रेनिंग म्हणतात. मागितलेल्या वेगाला ते जमलं नाही, तर बोर्ड काही वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी खात्रीच्या वेगावर येऊन थांबतो. म्हणजे घसरलेला आकडा हा मूळ आजार नव्हे, तो बोर्डाने केलेला बचाव आहे. प्रोफाइल परत परत चालू करत राहिलं तर फक्त तो बचाव मोडीत निघतो. कारण जिथल्या तिथे राहतं.

दुसरी गोष्ट खोक्यावरच्या आकड्याची. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे डीडीआर४ ची स्टिक १.२ व्होल्टवर चालते, आणि ३६०० लिहिलेल्या बऱ्याच स्टिकचा मानक वेग २१३३ ते २६६६ असतो. ३६०० हा १.३५ व्होल्टवरचा ओव्हरक्लॉक आहे आणि तो स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो. डीडीआर५ मध्ये मानक १.१ व्होल्ट, आणि ६००० ची प्रोफाइल साधारण १.२५ ते १.४ च्या दरम्यान. हा ओव्हरक्लॉक झेलायचा असतो तिघांनी: रॅमने, बोर्डाने आणि सीपीयूने. रॅम बनवणारा फक्त रॅमची हमी देतो.

म्हणूनच बायोस अपडेट ही पहिली पायरी नाही. रॅम डळमळीत असताना फ्लॅश केलं (नवा बायोस चिपमध्ये लिहिला) आणि फाइल मेमरीतच बिघडली, तर चांगला बोर्ड बंद पडू शकतो. क्रम पाळा.

आकडा खरंच कमी आहे ना

फुकटची तपासणी, म्हणून आधी. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती. त्यामुळे सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’ १८०० दिसत असेल तर रॅम पूर्ण ३६०० वर चालते आहे, चिंता नको. टास्क मॅनेजरमध्ये मात्र पूर्ण आकडा दिसतो. आणखी एक गोंधळ: डीडीआर५ च्या दोन स्टिक असल्या की सीपीयू-झेड ‘४ × ३२-बिट’ असं दाखवतं. प्रत्येक स्टिकमध्ये दोन उपचॅनेल असतात म्हणून. ते ड्युअल चॅनेलच आहे.

त्याच ठिकाणी एसपीडी टॅब उघडा, एकेक स्लॉट निवडा आणि दोन्ही स्टिकचा पार्ट नंबर, निर्माता आणि रँक (स्टिकवर चिपचे किती गट आहेत ते) ताडून पाहा. एक सिंगल रँक आणि दुसरी ड्युअल रँक निघाली, किंवा चिप बनवणारे वेगळे निघाले, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर इथेच मिळालं. दिसायला सारख्या, नावाने सारख्या स्टिकमध्येही वेगळ्या काळात वेगळ्या चिप घातलेल्या असतात.

प्रोफाइल चालू आहे का, आणि किती मागायचा हक्क आहे

इंटेलच्या बोर्डावर हे सेटिंग एक्सएमपी या नावाने असतं. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्स्पो. एएमडीच्या डीडीआर४ बोर्डांवर आसुस त्याला डीओसीपी म्हणतं, एमएसआय ए-एक्सएमपी. बायोस अपडेट झाला, सीएमओएस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) पुसला गेला किंवा ‘लोड डिफॉल्ट्स’ केलं की हे बंद होतं. अपडेटनंतर वेग पडल्याच्या तक्रारी बहुतेक इथेच मिटतात.

प्रोफाइल चालू करूनही आकडा एका ठरावीक जागी अडत असेल तर मर्यादा पाहा. एच३१०, बी३६०, एच४१०, बी४६० या इंटेल चिपसेटवर रॅम ओव्हरक्लॉक करता येत नाही. दहाव्या पिढीचा आय५ बी४६० वर २६६६ च देणार, आय७ असेल तर २९३३. एच५१० आणि एच६१० वरही डीडीआर४ ३२०० च्या पुढे जात नाही. रॅमचा ओव्हरक्लॉक बी मालिकेला मिळाला तो बी५६० पासून. ब्रँडेड तयार डेस्कटॉप आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये तर प्रोफाइलचा पर्यायच नसतो. ही मर्यादा कुठल्याही अपडेटने उठत नाही, तेव्हा त्यामागे वेळ घालवू नका.

चार स्टिकवाल्यांनी हे मुद्दाम वाचावं. रायझन ५००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ३२०० आहे, पण चार ड्युअल रँक स्टिकवर २६६६. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, रायझन ९००० ला ५६००. आणि चार स्टिक लावल्या की दोघांनाही अधिकृत वेग ३६०० च. इंटेलच्या बाराव्या पिढीतही चार ड्युअल रँक स्टिकला ३६०० च आहे. म्हणजे डीडीआर५ च्या चार स्टिकवर ३६०० दिसणं हा बिघाड नाही. जास्त चाललं तर नशीब. हवी तेवढी क्षमता दोन मोठ्या स्टिकमध्ये मिळत असेल तर चार छोट्या लावू नयेत, हे डीडीआर५ च्या बाबतीत अगदी ठाम मत आहे.

स्लॉट, बसवणी आणि सेल

दोन स्टिक असतील तर सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेल्या जागी. आजकालच्या बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलच्या तारा पहिल्या स्लॉटवरून दुसऱ्याकडे जातात. स्टिक पहिल्यात बसवली तर रिकाम्या दुसऱ्या स्लॉटपर्यंतचा तुकडा मोकळा लोंबतो, सिग्नल त्याच्या टोकावरून परावर्तित होतो आणि जास्त वेगाला गडबड करतो. २४०० ला हे जाणवत नाही. ३६०० ला जाणवतं, ६००० ला मशीन उठतच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावल्या असतील तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि अर्धी बँडविड्थ जाते, ते वेगळंच.

बसवताना मशीन बंद, मागची केबल काढलेली, आणि पॉवर बटण एकदा दाबून उरलेला भार उतरवलेला. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला स्टिक पूर्ण बसली का ते कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांवर अंगठा ठेवून, आधी स्थिर बाजू आणि मग खटक्याची बाजू ‘कट्’ वाजेपर्यंत दाबा. नंतर बाजूने पाहा: सोनेरी संपर्कांची वर दिसणारी रेघ दोन्ही टोकांना सारखी हवी. एक मिलिमीटरचा तिरपेपणाही ट्रेनिंग फसवायला पुरतो.

संपर्क मळकट दिसत असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिंट न सोडणाऱ्या कापडावर घेऊन एकाच दिशेने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबर सर्रास वापरला जातो, पण टाळावा. त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामा मुळातच पातळ असतो.

मग सेल. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल नवा असताना तीन व्होल्टच्या थोडा वर असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली गेला असेल तर बदला. मल्टिमीटर नसेल तरी खूण सोपी आहे: मुख्य वीज बंद करून मशीन रात्रभर ठेवलं की सकाळी तारीख-वेळ मागे गेलेली असते आणि प्रोफाइलही बंद झालेली असते. रोज रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करणाऱ्यांच्याच मशीनचा वेग पडतो आणि चालू ठेवणाऱ्यांचा नाही, तेव्हा कारण जवळपास नक्की सेलच असतं. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या या तक्रारीतलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

आता रॅम स्वतः दोषी आहे का ते ठरवा

प्रोफाइल बंद करा. मानक वेगावर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवा (मेमटेस्ट८६+ ची आवृत्ती ६ किंवा पुढची घ्या, ती यूईएफआयमधून सुरू होते). मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती चार पास देते. ते चारही पूर्ण होऊ द्या, रात्री लावून झोपलेलं बरं. विंडोजमधली मेमरी तपासणी फार वरवरची आहे. तिने ‘दोष नाही’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका. तिने दोष दाखवला तर मात्र तो खरा समजा.

मानक वेगाला एक जरी चूक आली तर पुढची चर्चा थांबते. ‘एकच तर आहे’ असं नसतं, एका चुकीच्या बिटने फाइल सिस्टीम बिघडू शकते. एकेक स्टिक ए२ मध्ये लावून तपासा. चूक स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब, हमीत बदलून घ्या. जोडी म्हणून घेतली असेल तर दोन्ही पाठवाव्या लागतात. चूक स्टिकसोबत न फिरता स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा सॉकेट.

मानक वेगाला स्वच्छ, पण प्रोफाइल चालू केल्यावर चुका? मग स्टिक मेलेली नाही, मागितलेला वेग या तिघांच्या जोडीला झेपत नाही. इथे, आणि इथेच, बायोस अपडेटला खरा अर्थ आहे.

एक फरक लक्षात ठेवा. चुका फक्त गेम खेळताना किंवा तासाभराच्या कामानंतर येत असतील आणि रात्रीच्या मेमटेस्टमध्ये येत नसतील, तर उष्णता पाहा. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तो वाचता येतो. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ स्टिकवर जाते आणि ५५-६० अंशांच्या पुढे काही ओव्हरक्लॉक केलेल्या स्टिक चुका करू लागतात. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा पंखा वाढवून फरक पडला तर उत्तर मिळालं.

बायोस अपडेट: कधी आणि कसा

रॅमचं ट्रेनिंग कसं करायचं याचा कोड बायोसमध्ये असतो, म्हणून अपडेटने फरक पडतो. एएमडीच्या बाबतीत हा गाभा अजेसा नावाने येतो आणि बोर्ड बनवणारे तो आपल्या बायोसमध्ये घालतात. मे २०१७ मध्ये आलेल्या अजेसा १.०.०.६ ने पहिल्या रायझनला रॅमची २६ नवी सेटिंग मिळाली. तोवर ३२०० ची स्टिक २६६६ ला अडकण्याच्या तक्रारी रोजच्या होत्या. म्हणून डाउनलोड पानावरच्या टिपेत ‘मेमरी कम्पॅटिबिलिटी’ किंवा नव्या अजेसाचा उल्लेख असेल तर अपडेट करावा. तिथे फक्त एखाद्या नव्या सीपीयूचा आधार जोडलेला असेल आणि तुमचं मशीन नीट चालत असेल तर घाई नाही.

दोन अपडेट मात्र वेगाशी संबंध नसला तरी टाळू नयेत. २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये रायझन ७००० चे काही एक्स३डी सीपीयू जळाल्यानंतर सॉक व्होल्टेजवर (सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ ची मर्यादा घालणारे बायोस आले. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड हे व्होल्टेज फार वर नेत होते. आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप सीपीयूंसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (सीपीयूच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, त्यानंतर ०एक्स१२बी. त्या सीपीयूंची लक्षणं हुबेहूब खराब रॅमसारखी असतात: गेम पडतो, फाइल उघडताना चूक, ब्लू स्क्रीन. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेलं नुकसान भरून येत नाही. मानक वेगाला रॅम स्वच्छ असूनही असं होत असेल तर सीपीयूचीच हमी तपासा. इंटेलने या सीपीयूंची हमी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

आधी तयारी. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालवा, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ आणि ‘बायोस व्हर्जन’ लिहून घ्या. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजनही पाहा. १.० आणि १.२ साठी वेगळा बायोस असू शकतो, आणि नावातलं एक अक्षर जास्त असलं तरी तो वेगळा बोर्ड असतो. फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्या, बीटा असेल तर सोडा. टिपा जुन्यापासून नव्यापर्यंत वाचा: कधी मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, कधी पुढे गेल्यावर मागे येता येत नाही, तर काही जुन्या एएम४ (रायझनचं आधीचं सॉकेट) बोर्डांवर नव्या बायोसने सगळ्यात जुन्या सीपीयूंचा आधार काढून टाकला आहे.

बिटलॉकर किंवा विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ते थोडा वेळ स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा. बायोस बदलला की टीपीएमला (किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) मशीन अनोळखी वाटतं आणि विंडोज की मागते. ती नसेल तर डेटा गेला. आपल्याकडे एन्क्रिप्शन नाही असं गृहीत धरू नका, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं.

बायोसमधल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. बऱ्याच बोर्डांवर एफ१२ दाबलं की चित्र पेनड्राइव्हवर साठतं. नंतर साटा किंवा व्हीएमडीचा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत), सीएसएम, सिक्युअर बूट, व्हर्च्युअलायझेशन, पंख्यांच्या रेषा हे सगळं परत लावायचं असतं. यातला साटा-व्हीएमडी मोड विसरला तर विंडोज सुरूच होत नाही आणि अपडेटने मशीन बिघडवलं असं वाटतं.

आता मुख्य काम:

१. बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा, साठवा, पुन्हा सुरू करा. रॅम मानक वेगावर आली आहे याची खात्री करा. ही पायरी सर्वात जास्त वेळा वगळली जाते आणि तीच सर्वात महत्त्वाची आहे.

२. ३२ जीबी किंवा लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. झिप उघडून आतली फाइल थेट मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको.

३. मागच्या बाजूच्या, बोर्डावरच्याच यूएसबीमध्ये लावा. पुढच्या केबलवर भरवसा नको.

४. बायोसमधूनच फ्लॅश करा: आसुसवर ईझी फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, असरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून चालणारी साधनं टाळा; मधेच विंडोज अडकलं तर चिप अर्धी लिहिलेली राहते.

५. यूपीएस असेल तर त्यावर लावा. वीज जाण्याची शक्यता आहे अशा वेळी सुरूच करू नका. पट्टी ९० टक्क्यांवर थांबल्यासारखी वाटली तरी बटणाला हात लावू नका.

काम झाल्यावर मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं. डीडीआर५ असेल तर पहिल्या ट्रेनिंगला स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, ६४ जीबी आणि पुढे तर आणखी जास्त. डीरॅमचा दिवा पेटलेला असला तरी किमान १५ मिनिटं वाट पाहा. या काळात घाबरून वीज काढल्यामुळे ट्रेनिंग दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं, आणि बोर्ड गेला असा समज होतो.

फ्लॅश फसला आणि स्क्रीन येत नसेल, पण बोर्डामागे फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर अजून काही बिघडलेलं नाही. २४ पिन आणि ८ पिनची केबल लावलेली, मशीन बंद, पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबीमध्ये. फाइलचं नाव बोर्डाला हवं तेच हवं: एमएसआयसाठी एमएसआय.रॉम, गिगाबाइटसाठी गिगाबाइट.बिन, इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि एक्स्टेन्शनसकट. आसुस सोबत नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅम देतं. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकू लागतो, पाच-आठ मिनिटांनी विझतो. लुकलुकायचं थांबून तो लगेच स्थिर पेटला तर फाइल वाचली गेलेली नाही. नाव, फॉरमॅट किंवा पेनड्राइव्ह बदला.

अपडेटनंतरही टिकत नसेल तर

सीएमओएस एकदा पुसा: केबल काढून, क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडून. जुन्या बायोसची सेटिंग नव्यात उरली तर विचित्र दोष येतात. मग प्रोफाइल चालू करून मेमटेस्ट.

चुका आल्या तर एक पायरी खाली या. प्रोफाइल तशीच ठेवायची, फक्त वेग बदलायचा: ३६०० वरून ३४६६, मग ३२००, ६००० वरून ५८००, मग ५६००. टायमिंग प्रोफाइलचेच राहू द्या. ३६०० आणि ३२०० मधला फरक रोजच्या कामात बेंचमार्कशिवाय कळत नाही. बिघडलेली फाइल मात्र महिन्यांनंतर कळते, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच गेलेली असते. एक पायरी खाली स्वच्छ चालत असेल तर तिथेच थांबणं हा पूर्ण सन्मानाचा उपाय आहे.

व्होल्टेजला हात लावायचा असेल तर थोडा आणि एका वेळी एकच. डीडीआर४ ला १.३५ वरून १.३७, फार तर १.४०. कमांड रेट १टी असेल तर २टी. एएम४ वर ३६०० ला इन्फिनिटी फॅब्रिक (सीपीयूचे आतले भाग जोडणारा दुवा) १८०० वर, म्हणजे एकास एक चालतं का ते पाहा; इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदी साचत असतील तर दोष रॅमचा नसून फॅब्रिकचा असण्याची शक्यता मोठी. एएम५ वर (रायझन ७००० पासूनचं सॉकेट) सॉक व्होल्टेज १.३ च्या वर कधीही नेऊ नका. ६००० साठी १.२ ते १.२५ सहसा पुरतं.

एएम५ वर आणखी एक पर्याय तपासा: मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर. हा चालू असला की बोर्ड मागच्या ट्रेनिंगचं उत्तरच वापरतो, त्यामुळे मशीन झटकन उठतं. पण जोडी काठावरची असेल तर कालचं उत्तर आजच्या तापमानाला लागू पडत नाही आणि सकाळी ब्लू स्क्रीन येते. बंद करून आठवडाभर पाहा. सुरू व्हायला जास्त वेळ लागेल, पण त्रास थांबला तर कारण कळलं.

सॉकेट: शेवटची तपासणी

एक चॅनेल पूर्ण गायब असेल, म्हणजे ए बाजूच्या दोन्ही स्लॉटमध्ये कुठलीही स्टिक दिसत नसेल, तर स्लॉटपेक्षा सॉकेटवर संशय घ्या. आधी कूलरचे स्क्रू एकेक वळण सैल करून पाहा. एका कोपऱ्यावर जास्त दाब आला की सीपीयू किंचित तिरपा बसतो आणि मेमरीच्या पिनांचा संपर्क सुटतो. कूलर नेहमी कर्णाच्या क्रमाने, थोडा थोडा आवळावा.

फरक पडला नाही तर सीपीयू काढून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पिना पाहा. सरळ पिनांची टोकं ओळीत सारखी चमकतात. वाकलेलं टोक त्या ओळीत काळा ठिपका म्हणून दिसतं. फोटो काढून मोठा करून पाहा. थर्मल पेस्टचा कण पिनांत गेलेला असेल तर कापडाने पुसू नका, पिना अडकतात.

इथे थांबा

वाकलेली पिन सुईने सरळ करायला बसू नका. भिंग, चांगली चिमटी आणि सराव नसेल तर एकाच्या चार होतात, आणि हमीवाला वाकलेल्या पिना पाहून हात झटकतो. हे काम चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याचं.

फ्लॅश फसला आहे, फ्लॅशबॅक बटण नाही आणि दुसरा बायोसही नाही, तर चिप बाहेरून प्रोग्रॅम करावी लागते. त्यासाठी सीएच३४१ए सारखा प्रोग्रॅमर स्वस्तात मिळतो, पण काही बोर्डांवरची चिप १.८ व्होल्टची असते आणि ३.३ व्होल्ट दिले तर ती जळते. चिपवरचा क्रमांक वाचून डेटाशीट पाहण्याची सवय नसेल तर तंत्रज्ञाकडे न्या. बोर्ड हमीत असेल तर आधी सेवा केंद्र, मग इतर कोणी.

प्रत्येक स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये एकटी लावूनही डीरॅमचा दिवा विझत नसेल. व्हीआरएमजवळ (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाजवळ) जळका वास किंवा फुगलेला कपॅसिटर दिसत असेल. मानक वेगाला, ओळखीच्या चांगल्या रॅमवरही चुका येत असतील, तर घरी करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसरा सीपीयू आणि दुसरा बोर्ड हाताशी असलेला माणूसच दोघांपैकी दोषी कोण ते सांगू शकतो.

मशीन देताना सोबत एक चिठ्ठी द्या: बोर्ड आणि रिव्हिजन, बायोसची जुनी-नवी आवृत्ती, स्टिकचे पार्ट नंबर, कुठल्या वेगाला किती चुका आल्या आणि कुठल्या स्लॉटमध्ये. मेमटेस्ट८६ चा अहवाल पेनड्राइव्हवर साठवता येतो, तोही द्या. आणि मेमरीच्या चुका येत असल्याचं कळल्यापासून त्या मशीनवर बॅकअप घेताना जुन्या बॅकअपवर नवा लिहू नका. वेगळ्या डिस्कवर घ्या.